आप्पांचं बोलणं बंद पडलं तो आठवडा

आमच्या आप्पांचं बोलणं मी स्वतःच्या हातानं बंद पाडलं. हिंजवडीला जाणारी कंपनीची बस पौडला मिळते आणि आमचं घर माले गावात, त्यामुळे सकाळी माझी कायम धांदल. त्या दिवशीही एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात चप्पल, अशी मी दारात उभी होते. आप्पांच्या कॉम्प्युटरवर महिनाभर रोज येणारी पाटी पुन्हा आली होती. कॉम्प्युटरच्या सिस्टिमची ही जुनी आवृत्ती आता बंद होणार, नवी टाकून घ्या. पाटी हटेपर्यंत त्यांना बोलता येत नसे. मी वैतागले, वाकून ‘आत्ता टाका’ वर टिचकी मारली आणि निघाले.

आप्पा म्हणजे माझे वडील. घोटावड्याच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्स फिटर होते. बंद पडलेलं यंत्र चालू करणं, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं. मग त्यांना नसांचा आजार झाला. आधी हातातून पाना निसटायला लागला, मग जीभ जड झाली, मग पाय गेले. आता तीन वर्षं ते खाटेवर आहेत. उजव्या हाताची तर्जनी तेवढी हलते. पण डोळे, कान आणि डोकं अगदी शाबूत. पुण्यातल्या एका बाईंनी त्यांच्यासाठी कॉम्प्युटर बसवून दिला होता. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत जातात. हवी ती ओळ उजळली की आप्पा बोटाखालचं लाल बटण दाबतात, मग त्या ओळीतलं अक्षर, मग काना, मात्रा, वेलांटी. असा शब्द जुळतो, वाक्य जुळतं आणि यंत्र ते मोठ्यानं म्हणतं. आवाज असा, की पुण्याच्या बँकेतला साहेब बोलतोय. आप्पा लिहायचे ‘च्या लई गोड झालाय’ आणि साहेब ते गंभीरपणे वाचून दाखवायचा. आई पदरात तोंड लपवून हसायची.

बटण वाटीएवढं. त्याची तार एका छोट्या काळ्या डबीत जायची आणि डबीची तार कॉम्प्युटरला. बटण दाबून धरलं की कॉम्प्युटर स्वयंपाकघरातली घंटी वाजवायचा. या घंटीमुळेच आम्ही दोघी त्यांच्यापासून लांब जाऊ शकत होतो. आप्पांना नीट खोकता येत नाही. लाळ घशात अडकली तर कुणीतरी लगेच मान वळवून द्यावी लागते.

संध्याकाळी घरी आले तेव्हा नवी आवृत्ती बसली होती. पडदा चकचकीत दिसत होता. आप्पा लिहायला लागले आणि तिसऱ्या शब्दाला सगळं निळं झालं. निळ्यावर एक रडका चेहरा आणि खाली इंग्रजीत चार ओळी. मग अंधार, मग कॉम्प्युटर आपला आपण पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, पहिल्यांदा होत असेल असं. झोपायच्या आत ते आणखी चार वेळा झालं.

आई म्हणाली, “तू कंपनीत हायेस ना हिंजवडीला? बग की काय झालंय त्ये.”

गावात सगळ्यांना असंच वाटतं. माझं काम कामगारांच्या गाड्यांचे मार्ग लावायचं. कोण कुठून बसणार, कोणती गाडी कुठे वळणार. कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं, ते मला आईइतकंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. पौडचा दुरुस्तीवाला आला, दोनदा निळा पडदा पाहिला आणि म्हणाला, “फॉरमॅट मारू. सगळं पुसून नवीन टाकू, तासाभराचं काम.”

“यात ते बोलायचं जे आहे ते परत टाकता येईल?”

“त्याची सीडी नाहीतर फाइल असेल तर येईल.”

ती आमच्याकडे नव्हती. बसवून देणाऱ्या बाई परदेशी निघून गेल्या होत्या, त्यांचा नंबर लागत नव्हता. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. वर बघितलं की हो आणि मिटले की नाही, असं आमचं ठरलेलं होतं. दुरुस्तीवाला चहा पिऊन गेला.

मग मीच शोधत बसले. जुन्या आवृत्तीकडे परत जायची सोय असते, असं कळलं. ती उघडली तर बटण फिकट, दाबलंच जाईना. कारण लिहिलं होतं, की जुन्या फाइली काढून टाकल्या आहेत. मला आठवलं. आदल्या संध्याकाळी जागा कमी आहे, साफ करू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं होतं आणि मी घाईघाईत हो म्हटलं होतं. म्हणजे दार लोटलं मी आणि कडीही मीच घातली. हे मी कुणाला सांगितलं नाही.

भाताच्या झोडणीचे दिवस होते. आईला शेतावर जाणं भाग होतं, कारण पैरा होता. आदल्या आठवड्यात ज्यांनी आमचं भात झोडलं, त्यांचं झोडायला आता हिनं जायचं. बाहेर रस्त्यावरून धरणाकडे जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत जायच्या. घरात आम्ही दोघंच. घंटीचा भरवसा नाही, त्यामुळे आप्पांचे डोळे दिसतील अशाच ठिकाणी मला बसावं लागे. मोरीत गेले तरी दार उघडं ठेवून मोठ्यानं बोलत राहायचं, “आले हं आप्पा, आले.” अंगणातल्या दोरीवरचे कपडे दोन दिवस तिथंच होते. दहा पावलांवर अंगण, पण मी जाऊ शकत नव्हते. खाटेवरच्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार करायला हवा होता. मी मात्र माझाच विचार करत होते.

कॉम्प्युटर यायच्या आधीचा पुठ्ठा मी माळ्यावरून काढला. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर मीच स्केचपेननं अक्षरं काढली होती. मी ओळींवरून बोट फिरवायचं, आप्पांनी वर बघायचं. वेळ वाचावा म्हणून त्यात काना-मात्रा ठेवलेच नव्हते. नुसती अक्षरं, बाकीचं आपण समजून घ्यायचं.

त्या पुठ्ठ्यावर त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी. ल, ह. ‘लिही’. मी वही आणली. मग क, ध. ‘कधी’. केव्हा बंद पडतंय ते लिहून ठेव. पुढचे दोन शब्द जुळायला पाव तास गेला. ‘हात नको’. आधी नुसतं बघ. कारखान्यात ते असंच करत असणार. यंत्राजवळ स्टूल टाकून बसायचं आणि नुसतं बघायचं. मी लिहायला लागले. नऊ वाजून दहा मिनिटं. नऊ पन्नास. सव्वादहा. दहा चाळीस. कधी लिहिताना, कधी नुसतं पडून असताना. मला त्यात काहीच दिसेना. रडका चेहरा आला की वहीत आकडा पडायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पांचे डोळे विचित्र हलायला लागले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा माझ्याकडे. मी पुठ्ठा घेतला. म. मग ग.

“मग? मग काय आप्पा?”

डोळे मिटले. नाही. पुन्हा म, पुन्हा ग.

“मग पुढं काय? मगाशी? मगाशी काय झालं?”

नाही. कपाळावर घाम आलेला. मी कॉम्प्युटरकडे धावले. तो नुकताच सुरू होत होता. आप्पांचं बोट बटणावर होतं. ओळी उजळल्या, त्यांनी ‘म’ दाबला, उकार शोधत असतानाच पडदा निळा झाला.

मी पुन्हा पुठ्ठा धरला. पुन्हा म, ग. आणि मी ओरडले. “नीट सांगा की! मग काय, मग काय? मला काय कळणार असं?”

ज्याला बोलता येत नाही त्या माणसावर मी नीट बोल म्हणून ओरडले. आप्पांनी डोळे मिटले नाहीत, वरही नेले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, आणि डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. ते पुसायला मी वाकले तेव्हा त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरवरून एक लाल मुंगी वर आली.

मुंगी. काना-मात्रा काढले की म, ग.

मी त्यांना कुशीवर वळवलं. नव्या भाताची पोती आईनं खाटेच्या मागच्या भिंतीला लावून ठेवली होती. तिथून मुंग्यांची रांग निघून गादीवर आणि तिथून त्यांच्या पाठीवर गेली होती. पाठ कमरेपर्यंत लाल झालेली. अर्धा तास तरी ते चावे सोसत होते. मी मुंग्या झटकल्या, चादर बदलली, पाठीला खोबरेल लावलं.

संध्याकाळी आई आली, पाठ पाहिली. पोती एकटीनं ओढत पडवीत नेली आणि तिथं बसून राहिली.

त्या संध्याकाळी मी आमच्या कंपनीतल्या हेल्पडेस्कच्या माणसाला फोन लावला. तो नेरे गावचा. ओळख एवढीच, की त्याच्या गाडीचा मार्गही मीच लावते. संकोचानं सगळं सांगितलं. तो म्हणाला, “निळ्या पडद्यावर तळाला एक नाव येतं बघा, त्याचा फोटो काढून पाठवा.”

फोटो काढण्यापुरता वेळ तो पडदा टिकत नसे. मी मोबाइल धरून वाट बघत बसले. गेले तीन दिवस जो येऊ नये म्हणून जीव टांगणीला लावला होता, त्याचीच आता वाट बघत होते. फोटो मिळाला, त्याला पाठवला. त्याचा फोन आला.

“हा कुठल्यातरी जोडलेल्या वस्तूचा ड्रायव्हर आहे. ड्रायव्हर म्हणजे असं समजा, की बाहेरची वस्तू आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाषा. दुभाषा जुना राहिला आणि कॉम्प्युटर नवीन भाषा बोलायला लागला. भांडण होतं, आणि कॉम्प्युटर आडवा पडतो. सगळं काढा. मग एकेक जोडा.”

आप्पा फोन ऐकत होते. मी स्पीकर चालू ठेवला होता. फोन ठेवल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं, तर डोळे वर. हो, हो. मग पुठ्ठ्यावर: ‘एक एक’. एका वेळी एकच.

चौथा दिवस मी त्यातच घालवला. प्रिंटर काढला, स्पीकर काढले, कॅमेरा काढला, शेवटी बटणाची काळी डबीही काढली. वहीत नवीन पान घेतलं. नुसता कॉम्प्युटर सुरू ठेवला. एक तास. दोन तास. जेवणवेळ झाली तरी चालूच. आप्पा आणि मी त्या पडद्याकडे बघत बसलो होतो आणि तो तीन दिवसांत पहिल्यांदा शहाण्यासारखा वागत होता. पण बटण नाही, त्यामुळे आप्पा मुके. मग प्रिंटर जोडला, तासभर थांबले. ठीक. स्पीकर जोडले, ठीक. कॅमेरा, ठीक. एकेक वस्तू निर्दोष सुटत होती तसं मागे काय उरतंय ते दिसत होतं. शेवटी काळी डबी जोडली. पंचवीस मिनिटांनी निळा पडदा.

दोष सापडला, आणि तो नेमका त्यांच्या बोटाखाली होता. डबी बनवणाऱ्यांची वेबसाइट उघडून पाहिली. तिथं लिहिलेलं, की या वस्तूचं उत्पादन बंद केलं आहे. नवा दुभाषा कुणी लिहिणार नव्हतं. दुसऱ्या कंपनीची नवी डबी परदेशातून यायला दीड महिना. दीड महिना मी त्या खोलीत बसू शकणार नव्हते, नोकरीचा प्रश्न होताच. पण खरं सांगायचं तर नोकरी नसती तरी बसू शकले नसते. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हटलं, “आप्पा, आता मला काही सुचत न्हाई.”

ते बराच वेळ छताकडे बघत होते. हो म्हणून नाही, नुसतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध पाजल्यावर त्यांनी पुठ्ठा मागितला. पुठ्ठा हवा असला की ते माळ्याकडे बघतात. उ. द. र.

“उदर? पोट दुखतंय?”

नाही. मी तरी पोट चाचपून पाहिलं. पुन्हा उ, द, र. मुंग्यांची आठवण ताजी होती. आई शेतावर निघाली होती, तिला हाक मारली. ती पुठ्ठ्याकडे न बघताच म्हणाली, “अगं, उंदीर म्हणत्यात त्ये. भातामागं येणारच की!” आणि आम्ही दोघी काठी आणि खराटा घेऊन खाटेखाली शिरलो. गादीचे कोपरे उचलून पाहिले, ट्रंक ओढली, भिंतीतली भोकं तपासली. वर आले तेव्हा आप्पांच्या तोंडाचा डावा कोपरा हलत होता. हसले की तेवढाच हलतो. आणि डोळे टेबलाकडे लागले होते. टेबलावर कॉम्प्युटरचा माउस.

“आगं बया,” आई म्हणाली, “ह्यो उंदीर?”

डोळे वर.

पुढचं कळायला दुपार झाली, पण कळलं ते असं. डबी काय करते? बटण दाबलं की कॉम्प्युटरला एक टिचकी पोचवते. माउसही तेच करतो. माउसला जुन्या दुभाष्याची गरज नाही. मग माउस उघडायचा, त्याच्या डाव्या बटणाखाली जे काही आहे त्याला लाल बटणाच्या तारा जोडायच्या आणि डबी मधून काढूनच टाकायची. मी हेल्पडेस्कवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “चालेल की. हे कुणी सुचवलं?”

“वडिलांनी.”

आप्पांची पत्र्याची पेटी काढली. आत तारा जोडायचं त्यांचं सोल्डरचं आयर्न फडक्यात गुंडाळलेलं. मी आयुष्यात सोल्डर केलं नव्हतं. खाटेशेजारी पाट घेऊन बसले, आप्पांना उशी देऊन डोकं उंच केलं, म्हणजे त्यांना माझे हात दिसावेत. माउस उघडला. आत बोटाच्या नखाएवढं काळं बटण आणि त्याला खाली तीन पाय. कोणत्या दोन पायांना? मी तारेच्या टोकानं दाखवायची आणि आप्पा डोळ्यांनी सांगायचे. आयर्न तापलं, राळेचा वास खोलीत पसरला. पहिली तार मी टेकवली आणि बावचळून आयर्न तिथंच धरून ठेवलं. प्लास्टिक वितळलं, पट्टी करपली. माउस गेला. आप्पांनी डोळे मिटले आणि उघडले, मिटले आणि उघडले. नाही, नाही, नाही. त्यांचा एखादा मदतनीस असता तर त्याला काय ऐकावं लागलं असतं, ते मला त्या डोळ्यांत दिसलं.

दुसरा माउस माझ्या कंपनीच्या लॅपटॉपचा होता. तो उघडण्याआधी मी जुन्या तारांच्या तुकड्यांवर तासभर सराव केला. तर्जनीला चटका बसला, फोड आला. अंगठ्यानं धरून काम केलं. आयर्न टेकवायचं, तार टेकवायची, सोल्डरचं पाणी झालं की लगेच उचलायचं. आप्पा एकटक बघत होते. दोन ठिपके चमकून थंड झाले. माउसचं झाकण लागेना, म्हणून चिकटपट्टी गुंडाळली.

लाल बटण आप्पांच्या बोटाखाली ठेवलं. पडद्यावर ओळी उजळायला लागल्या. बोट खाली गेलं. टक. ओळ थांबली.

पहिलं वाक्य पुरं झालं आणि बँकेतला साहेब म्हणाला, “चालू हाय.”

आई दारात उभी होती, तिनं डोळ्याला पदर लावला. मी वहीत वेळ लिहिली. आम्ही कुणी उठलो नाही. पंचवीस मिनिटं गेली. तास गेला. दर वेळी पडदा जरा लुकलुकला की तिघंही श्वास रोखायचो. दोन तासांनी आई स्वयंपाकाला गेली. मग आप्पा लिहायला लागले. मी शेजारी बसून अक्षरं जुळताना बघत होते.

“तू वरडलीस परवा.”

“व्हय,” मी म्हटलं. “चुकलं माझं.”

ते पुन्हा लिहू लागले. बराच वेळ.

“त्याचं काय न्हाई. मला बी राग आला हुता.”

“मुंग्या चावत होत्या, येणारच की.”

“मुंग्यांचा न्हाई. तू सकाळी त्ये दाबलंस. मला इचारलं न्हाई.”

मी म्हटलं, घाई होती. बस चुकली असती. ती पाटी रोज येत होती. हे सगळं खरंच होतं. आप्पा ऐकत राहिले आणि मग पुढचं वाक्य आलं, त्या साहेबाच्या आवाजात, जराही चढ-उतार नसलेलं.

“त्वांड माजं हाय.”

त्यांच्या तोंडावर हात ठेवून मी घाईनं घराबाहेर पडले होते, आणि इतके दिवस स्वतःला मी अडकलेली समजत होते. सदरा कोणता, खिडकी उघडी की बंद, पंखा किती, हे सगळं आम्ही तीन वर्षं असंच ठरवत आलो होतो. चांगल्या मनानं, न विचारता. मी जुन्या फाइली पुसल्याचंही त्यांना सांगून टाकलं. आप्पांचा ओठ जरा हलला. “बरं,” साहेब म्हणाला. “जेवायला वाड आता.”

आणखी एक दिवस मी घरी थांबले, भरवसा वाटेना म्हणून. सोमवारी कामावर गेले. पौडला बस मिळाली, खिडकीची जागा मिळाली आणि पिरंगुटच्या आतच मला झोप लागली. ऑफिसात सगळे आपापल्या पडद्यांत डोकं घालून बसलेले. मी लॅपटॉप उघडला, माउस नाही म्हणून दुसरा मागवला, कशाला ते सांगत बसले नाही.

दुपारी आईच्या नंबरवरून फोन आला. मी घाबरून उचलला. पलीकडे शांतता, मग टक, टक, टक, आणि मग तो साहेब. आईनं फोन स्पीकरसमोर धरला होता. आप्पांनी आजवर मला असा फोन कधी केला नव्हता.

“येताना मेथी आण. आईला सांगू नको. ती दुधी करतीय.”

मागून आईचा आवाज आला, “आरं द्येवा, मी हितंच हाय की!”

फोनमधला आवाज शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही ऐकू गेला, तिनं विचारलं, कोण आहे, कुठल्या बँकेचा फोन आहे का. मी म्हटलं, नाही, वडील आहेत. आणि फोनवर विचारलं, “आप्पा, एक जुडी की दोन?”

मग मी थांबले. त्यांना उत्तर लिहायला वेळ लागतो.